पहिले पंधरा दिवस पाखराला द्या

परीक्षा संपून सुट्टी लागली की पाखरांच्या दुकानांत मुलांची गर्दी होते. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट असो की तालुक्याच्या गावातलं मासे-पाखरं विकणारं एखादं छोटं दुकान, दर्शनी पिंजऱ्यात निळे, पिवळे, हिरवे, पांढरे बजी जातीचे चिमुकले पोपट एकमेकांना खेटून कलकलाट करत असतात. दुकानदार त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतो आणि घेणाराही तेच नाव घरी नेतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि अंगाने जाड. बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून त्याची पाळीव पिढी सुरू झाली. रानातला बजी हिरवा-पिवळाच असतो, बाकीचे रंग माणसाने पैदाशीतून काढलेले. आपल्या रानातले पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बजी परदेशी असल्याने त्याला ती बंदी नाही. त्यामुळे पाखरू हवं म्हणून हट्ट धरलेल्या मुलाच्या हाती बहुधा हाच येतो.

येताना तो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो. वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. कालपर्यंत भाईबंदांच्या गलबल्यात होता, आज एकटा आहे आणि भोवती उत्साहाने वाकलेले मोठमोठे चेहरे आहेत. मी बरीच वर्षं बजी पाळते आहे. ओळखीच्या घरांतून पाखरू गेल्याचे फोन येतात ते बहुतेक पहिल्या महिन्यातच, आणि कारण विचारलं की घरातलीच एखादी साधी गोष्ट निघते. म्हणून माझा आग्रह आहे की पाखरू आणण्याआधी घर बदला, आणि आणल्यावर काही दिवस त्याच्या वाटेला जाऊ नका.

घरातला सगळ्यात मोठा धोका डोक्यावर फिरत असतो. परदेशी पुस्तकांत बजीसाठी खिडक्या-आरशांबद्दल पानंच्या पानं असतात, पण आपल्याकडे मे महिन्यात चोवीस तास गरगरणारा छताचा पंखा त्याहून घातक आहे. घाबरलेलं पाखरू सरळ वर उडतं आणि फिरती पाती त्याला दिसत नाहीत. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंखा बंद करायचा, पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, आणि पाखरू बाहेर असेपर्यंत त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवायची. चिकटपट्टी यासाठी की बाहेरून घामाघूम होऊन आलेला माणूस खोलीत शिरताच सवयीने पंख्याचंच बटण दाबतो. खिडकीच्या ग्रिलमधून बजी अगदी सहज बाहेर जातो, तेव्हा डासांची जाळी लागलेली हवी. आरशावर आणि मोठ्या काचांवर सुरुवातीला चादर टाका, नाहीतर तो पूर्ण वेगाने त्यावर जाऊन आदळतो. भरलेली बादली, उघडं पातेलं, उघडा संडास, यांत पडलेल्या बजीला स्वतःहून वर येता येत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि श्वास घेताना व सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसांतून हवा वाहत राहते. उडायला लागणारा भरपूर प्राणवायू त्यातून मिळतो, पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्याने रक्तात उतरतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत थेट १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत ते याच कारणाने. विषारी वायू माणसाला कळण्याआधी पक्षी कोसळायचा. आपल्या घरात ही वेळ नॉनस्टिक तवा आणतो. रिकामा तवा गॅसवर विसरला आणि फार तापला, की त्याच्या लेपातून निघणारी वाफ काही मिनिटांत बजीचा जीव घेते. माणसाला कधी कधी वाससुद्धा येत नाही. म्हणून स्वयंपाकघरात पिंजरा कधीच नको, आणि घरात बजी असेल तर माझ्या मते बिडाचा किंवा लोखंडी तवाच वापरावा. देवघराजवळही पिंजरा नको. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, खोलीत फवारायचे सुगंध, मिरचीच्या फोडणीचा खाट, यातलं काहीही त्याच्या श्वासाला सोसत नाही. पूजेला माझी हरकत नाही, फक्त पाखरू दुसऱ्या खोलीत आणि दार बंद असावं.

पिंजऱ्याबद्दल थोडक्यात. उंचीपेक्षा लांबीला मोठा घ्या, कारण बजी आडवा उडतो. गोल पिंजरा टाळा. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. आतल्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, औषध न फवारलेल्या, कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन वाळवून लावा. पायांना व्यायाम होतो आणि साल सोलण्यात त्याचा वेळ जातो. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला हवी. चारही बाजू उघड्या असल्या तर त्याला कुठेच पाठ टेकता येत नाही. बाल्कनीत मुळीच ठेवू नका. तिथे दुपारचं ऊन असतं, मांजर असते आणि गजांतून चोच घालणारा कावळाही असतो. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून पाखरू धापा टाकत असेल तर त्याला उकाडा सोसवत नाही, ताबडतोब सावलीत आणि थंडाव्याला न्या. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. दिवाणखान्यात अकरापर्यंत टीव्ही चालत असेल तर झोपण्यापुरता पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवा.

आता ते पहिले दिवस. नवा बजी दांडीवर गप्प बसतो, पिसं अंगाशी घट्ट आवळतो, मान वळवत नाही. पाहुणे म्हणतात, “किती शहाणं आहे हो, अजिबात त्रास देत नाही!” ते पाखरू भीतीने थिजलेलं असतं. रानात त्याच्यावर झडप पडते ती वरून, त्यामुळे पिंजऱ्यात वरून उतरणारा हात त्याच्या लेखी शिकारी पक्षीच. ओळख करून घ्यायला म्हणून त्याला मुठीत धरणं ही या दिवसांतली सगळ्यात वाईट गोष्ट. पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून बसा, पेपर वाचा, हळू आवाजात बोला, दाणापाणी बदला आणि उठा. तुमच्यासमोर तो दाणे टिपू लागला, पिसं साफ करू लागला, एका पायावर उभा राहून चोच करकर वाजवू लागला, म्हणजे भीती उतरते आहे. एखाद्याला याला दोन दिवस लागतात, एखाद्याला तीन आठवडे. त्यात घाई करून काही मिळत नाही.

खाण्याबाबतीत एका फसवणुकीपासून जपायला हवं. माझ्या भाच्याने बजी आणला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, “आत्या, हा बसून बसून असतो, आणि वाटी तर भरलेलीच आहे.” मी त्याला वाटीवर फुंकर मारायला सांगितलं. वरचा सगळा थर उडाला. ती नुसती टरफलं होती, तळाला दाणा नव्हता. बजी राळ्याचा दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे रिकामी वाटी भरलेली दिसते. एवढ्याशा जिवाला दिवसभराचा उपासही जड जातो. रोज सकाळी टरफलं फुंकून नवा दाणा घाला. राळा आणि बाजरीबरोबर हळूहळू कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, कोवळं मक्याचं कणीस लावून पाहा. पहिले काही दिवस तो त्याकडे ढुंकून पाहणार नाही, तरी देत राहा. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगा. अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण आणि खारट फरसाण कधीही नको.

भीती उतरल्यावर राळ्याचं कणीस हातात धरून पिंजऱ्याच्या दाराशी हात स्थिर ठेवा, खालच्या बाजूने. तो आपण होऊन येतो, आणि असा आलेला पक्षी पुढे हाताला घाबरत नाही. बोलण्याची मात्र अट घालू नका. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीच्या नावावर १७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे, पण बहुतेक बजी जन्मभर आपलीच चिवचिव करतात आणि ती ऐकायला फार गोड असते. दिवसभर घर रिकामं राहत असेल तर दोन बजी आणा. हा थव्यातला पक्षी आहे, एकटेपणाने तो खरोखर खंगतो.

दुकानदार दोन गोष्टी पुढे करतो, त्या दोन्ही नाकारा. “पंख कापून देऊ का, उडणार नाही,” असं तो विचारतो. पंख कापलेला बजी घाबरला की दगडासारखा फरशीवर पडतो आणि छातीच्या हाडाला मार बसतो. दुसरं ते भोक पाडलेलं मडकं. बजी झाडाच्या ढोलीत घरटं करतो, मडकं दिसलं की मादी अंड्यांच्या तयारीला लागते. नव्या घरात अजून न रुळलेल्या, कोवळ्या वयाच्या मादीच्या पोटात अंडं अडकलं तर ती जिवाला मुकते. झोपायला बजीला दांडी पुरते.

घरात आधीचं पाखरू असेल तर नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, आणि पिंजरा हाताळल्यावर हात साबणाने धुवा, कारण पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसालाही फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर बजी आणण्याआधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी तपासतोच असं नाही. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात पक्ष्यांवरही उपचार होतात. बजी आजार लपवतो. पिसं फुगवून तळाशी बसणं, श्वासागणिक शेपटी वरखाली हलणं, विष्ठेचा रंग बदलणं, यातलं काही दिसलं तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी निघा.

आणि एवढं करूनही जमलं नाही, मुलांची हौस विरली, बदली झाली, तर पुण्य लागेल म्हणून खिडकी उघडून त्याला सोडून देऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्या त्या पाखराला इथे दाणा कुठे मिळतो ते माहीत नसतं आणि बाहेर कावळे टपलेले असतात. पाखरं पाळणारं दुसरं घर शोधा, आणि ते मिळेपर्यंत वाटीतली टरफलं रोज फुंकत राहा.