सांध्यांची पूरके आणि स्पर्धेचा घोडा

अडथळा ओलांडून घोडा जमिनीवर येतो तेव्हा पुढच्या एकाच पायावर क्षणभर त्याच्या साऱ्या वजनाहून अधिक भार पडतो. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणून ती झिजताना दुखत नाही, आणि झिजली की नीट भरून येत नाही. दुखते ते सांध्याचे आवरण आणि कूर्चेखालचे हाड, तेही बरेच उशिरा. या उशिराच्या धास्तीने ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, एमएसएम यांची भुकटी रोजच्या चंदीत मिसळली जाते.

तिच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे. तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोसामाइनचा जेमतेम काही टक्के भाग घोड्याच्या रक्तात पोहोचतो. ग्लुकोसामाइनयुक्त पूरकांवरील अभ्यासांचा २००९ साली आढावा घेतला गेला, तेव्हा बहुतेकांचा दर्जाच कमी ठरला. वयस्क घोड्यांवर तीन महिने चाललेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूरकामुळे चाल सुधारल्याचे दिसले नाही. काही डब्यांत तर लेबलवर लिहिलेल्यापेक्षा कमी घटक सापडले आहेत. मालकाला मात्र घोडा मोकळा चालताना दिसतो. त्याच काळात विश्रांती मिळालेली असते, नाल बदललेले असतात, शिवाय खर्च केलेल्या माणसाची नजर आशेने पाहत असते.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ म्हणजे एफईआय. त्याच्या नियमांत बंदी घातलेले पदार्थ आणि नियंत्रित औषधे अशी विभागणी आहे. ग्लुकोसामाइन यांपैकी कशातही नाही. पण सांध्यांसाठीच विकल्या जाणाऱ्या डेव्हिल्स क्लॉ या वनस्पतीतील हार्पागोसाइड नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबणारा स्वार इथेच फसतो. नमुन्यात पदार्थ सापडला की तो कुठून आला हे पाहण्याआधी जबाबदारी स्वाराची धरली जाते. २००८च्या ऑलिम्पिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथे एका घोड्याच्या नमुन्यात मिरचीत असणारे कॅप्सेसिन आढळले आणि नॉर्वेच्या साऱ्या संघाचे कांस्यपदक गेले.

तरीही नियमात बसणे आणि घोड्याच्या हिताचे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पूरक वेदना दाबण्याइतके प्रभावी असेल तर ते नावाला खाद्य आणि कामाने औषध आहे. मग त्याला औषधाचेच निकष लागले पाहिजेत. ते निष्प्रभ असेल तर नुकसान पैशापुरते राहत नाही. लंगडण्याचे निदान पुढे ढकलले जाते, आणि ‘उपाय चालू आहे’ या समाधानात घोडा हंगामभर उड्या मारत राहतो. कूर्चेची खरी हानी या महिन्यांत होते. घोडा शिकार होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवतो, त्यामुळे त्याच्या गप्प राहण्याला संमती मानता येत नाही. पूरकाचा विचार फ्लेक्शन टेस्ट (सांधा वाकवून धरून मग चाल पाहणे), गरज पडल्यास नर्व्ह ब्लॉक (पायाचा भाग बधिर करून दुखण्याची जागा शोधणे) आणि एक्स-रे झाल्यावरच व्हावा. आधी डबा आणि मग तपासणी हा क्रम पशुवैद्यकाने स्पष्टपणे नाकारला पाहिजे.

तो डबा स्वतःच्याच दवाखान्यातून विकला जात असेल, तर त्यातला नफा मालकाला आधी सांगणे हे पशुवैद्यकाचे कर्तव्य आहे. पूरक सुरू करताना चालीचे चित्रीकरण करावे, मुदत ठरवावी आणि फरक नसेल तर ते बंद करावे. बॅच क्रमांक नोंदवून सीलबंद नमुना राखावा, आणि चंदी मिसळणाऱ्या मोतद्दारालाही एफईआयची यादी समजावून द्यावी. मुदतीनंतरही लंगड टिकली तर त्या घोड्याचे नाव पुढच्या स्पर्धेतून काढून घ्यावे.