इ. स. 1723 : एका शाळेचें गाणें

शाळेच्या वेळापत्रकांत गाण्याच्या तासास जागा असावी कीं नसावी, या प्रश्नावर दरवर्षीं आमच्या कानीं तेंच येतें. मुलगा नववींत गेला, आतां गाणें पुरें. मुलीचा आवाज गोड आहे खरा, पण गोडव्याचे गुण गुणपत्रिकेवर कोठें मिळतात? असें म्हणणारे पालक मुलांचे शत्रु नव्हेत. ते पोटास चिमटा घेऊन फी भरतात, व त्यांस हिशेब विचारण्याचा हक्क आहे. तेव्हां आम्हीही हिशेबच मांडतों. मात्र तो लाइपझिग या जर्मन नगरांतील व इ. स. 1723 या सालचा आहे.

त्या सालीं युरोपांत संगीताची सुगी होती. जानेवारींत लंडन येथें हॅन्डेलचें ‘ओत्तोने’ हें संगीत नाटक रंगभूमीवर आलें. सप्टेंबरांत सम्राट् सहावा चार्ल्स यास प्राग येथें बोहेमियाचा मुकुट चढविण्याचा सोहळा होता, व त्यानिमित्त फुक्स या वृद्ध संगीतकाराचें नाटक मुद्दाम उघड्यावर उभारलेल्या रंगमंदिरांत झालें. या सर्व प्रकारांत राजे होते, पैसा होता, झगमगाट होता. आम्हांस त्यांचें फारसें अगत्य नाहीं. त्याच वर्षीं व्हेनिस येथील ‘पिएता’ या अनाथगृहाच्या चालकांनीं विव्हाल्दीकडून दरमहा दोन नव्या वाद्यरचना घेण्याचें ठरविलें, आणि त्या वाजविणाऱ्या होत्या आईबापांनीं टाकलेल्या मुली! आमचें लक्ष लागतें तें येथें. लाइपझिगची गोष्टही अशीच विद्यार्थ्यांची आहे.

तेथील सेंट थॉमस शाळेचे गायनशिक्षक कुनाउ हे 1722 च्या जूनमध्यें वारले. नगरसभेनें प्रथम हॅम्बुर्गच्या टेलेमान यास बोलाविलें. त्यानें तें निमंत्रण दाखवून आपल्याच गांवीं पगार वाढवून घेतला व तो तेथेंच राहिला. मग डार्मस्टाटच्या ग्राउप्नर यास विचारलें. त्यास त्याच्या धन्यानें सोडलें नाहीं. मागें उरला क्योथेनच्या राजपुत्राच्या पदरीं असलेला योहान सेबास्टिआन बाख. एप्रिल महिन्यांतील सभेंत प्लात्स नांवाच्या सभासदानें, उत्तम माणसें मिळत नाहींत तर मध्यमावर भागवावें लागेल, असा उद्गार काढल्याची नोंद आहे, आणि त्या एका उद्गारापायीं त्या बिचाऱ्याची आजवर थट्टा होत आली आहे. आम्ही त्या थट्टेंत सामील होणार नाहीं. नगरसभेस हवा होता शिक्षक: वर्गावर लॅटिन शिकविणारा, मुलांबरोबर प्रेतयात्रेस चालत जाणारा, चार आठवड्यांतून एक आठवडा वसतिगृहाची देखरेख करणारा. बाखनें लॅटिनचे तास लवकरच पदरचे 50 थालर देऊन एका सहकाऱ्याच्या गळ्यांत घातले. मुख्याध्यापकांस असा शिक्षक कितपत आवडेल, तें आमच्या शिक्षकबंधूंनीं मनांत आणून पाहावें.

तर मग बाख तेथें गेलाच कां? दरबारचा मुख्य संगीतकार शाळेचा गायनमास्तर होतो, ही बढती नव्हे, असें त्यास स्वतःस वाटत होतें. पुढें 1730 त एका जुन्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत तो सांगतो कीं, निश्चय करण्यास आपणांस तीन महिने लागले. आणि जीं कारणें तो देतो त्यांत एक असें कीं, मुलांचा ओढा विद्याभ्यासाकडे दिसत होता. क्योथेन लहान गांव, लाइपझिगांत विद्यापीठ. फ्रीडेमान व एमान्युएल हे त्याचे दोन मुलगे 1723 च्या जूनमध्यें याच शाळेंत दाखल झाले, पुढें दोघेही लाइपझिगच्या विद्यापीठांत गेले, आणि दोघेही नामांकित संगीतकार झाले. म्हणजे मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या या बापास विद्या व गाणें यांत सवतीमत्सर दिसला नाहीं. त्याच पत्रांत पगाराचीही तक्रार आहे. प्राप्ति सुमारें 700 थालर, पण ती पुष्कळ अंशीं अंत्यविधींच्या दक्षिणेवर अवलंबून. गांवाची हवा निरोगी राहिली कीं बाखची मिळकत घटे! आदल्या वर्षीं त्या खात्यांत शंभरावर थालर बुडाले, असें तो लिहितो.

आतां कामाकडे वळूं. 22 मे रोजीं बाखचें बिऱ्हाड लाइपझिगांत पोहोंचलें, आणि 30 मे रोजीं सेंट निकोलस मंदिरांत त्याची पहिली ‘कॅन्टाटा’ गाइली गेली. कॅन्टाटा म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस असें सांगतां येईल: त्या रविवारीं शुभवर्तमानाचा जो भाग वाचावयाचा, त्याचा अर्थ पद्यांनीं व गायनानें उकलून दाखवावयाचा. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान लावतो, त्याशीं या प्रकाराचें थोडें नातें जुळतें. त्या रविवारचा भाग श्रीमंत मनुष्य व लाजारस यांचा होता, आणि रचना दोन भागांची, चौदा पदांची होती. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारीं व सणास एक, अशीं वर्षास सुमारें साठ! कांहीं जुन्या रचना त्यानें पुन्हा वापरल्या, तरी बाकीच्या नव्या लिहावयाच्या, त्यांच्या प्रती काढावयाच्या, मुलांकडून बसवून घ्यावयाच्या. विवाहप्रसंगीं जगभर वाजणारें, येशूस आपल्या इच्छेचा आनंद म्हणणारें तें गोड पद 2 जुलै 1723 च्या अशाच एका कॅन्टाटेंतील आहे. आगमनकालाच्या शेवटच्या तीन रविवारीं लाइपझिगांत कॅन्टाटा गात नसत; त्या अवकाशांत सणाची तयारी झाली, व नाताळांत मरीयेचें स्तोत्र पांच स्वरपंक्तींच्या गायकवृंदानें गाइलें.

हें सर्व गाइलें कोणीं? तेथील मंदिरांत स्त्रिया गात नसत. वरच्या पट्ट्या मुलांच्या, खालच्या बहुतेक थोरल्या विद्यार्थ्यांच्या. गरिबांचीं मुलें, शाळेच्या धर्मादायावर राहणारीं, हिंवाळ्यांत रस्त्यांतून गात वर्गणी गोळा करणारीं. प्रती काढणाऱ्यांतही प्रमुख होता शाळेचाच एक विद्यार्थी, मृत गायनशिक्षकांचा पुतण्या. जगांतील पंडित आज ज्या रचनांवर ग्रंथ लिहितात, त्या प्रथम वसतिगृहांतील पोरांच्या गळ्यांतून निघाल्या, आणि सरावास हातीं दिवस थोडे असत. सर्व गळे चांगले होते असेंही नाहीं. 1730 त बाखनें नगरसभेस एक अर्ज केला. त्यांत शाळेच्या 54 गायक मुलांची यादी आहे. उपयोगी 17, अजून तयार न झालेले 20, व अगदींच निरुपयोगी 17. आमच्या मतें या यादींतील मोलाचा आंकडा मधला होय. वीस मुलांपुढें त्यानें ‘अजून नाहीं’ असें लिहिलें, व त्यांस शिकवावयाचें काम आपल्या माथीं घेतलें.

पालकांची बाजू घेणाराही त्या शाळेंत एक होता. 1734 त मुख्याध्यापक झालेले एर्नेस्टी हे खरे विद्वान्. गाण्यापायीं अभ्यास बुडतो असें त्यांचें ठाम मत, आणि वाद्याचा सराव करणारा मुलगा दिसला कीं ते त्यास, दारूच्या गुत्त्यांतला वाजंत्री होणार काय, असें हिणवीत. 1736 त त्यांचा व बाखचा कडाक्याचा तंटा झाला. अभ्यासाची त्यांची कळकळ आम्हांस मान्य आहे. त्यांचें हिणवणें मान्य नाहीं. अभ्यासाचा धडा उद्यांवर टाकतां येतो, रविवारचें गाणें टाकतां येत नाहीं. शेजाऱ्याचा सूर ऐकल्यावांचून आपला सूर लागत नाहीं, हें चार स्वरपंक्तींत उभें राहिलेल्या मुलास कोणी सांगावें लागत नाहीं. गणिताच्या पुस्तकांत आम्हांस अद्याप ही सोय आढळलेली नाहीं, आणि आम्ही तें पुस्तक बरींच वर्षें शिकवीत आलों आहों.

म्हणून नववी व दहावीचा गाण्याचा तास काढून घेऊं नये, असें आमचें म्हणणें आहे. मुलांस गवई करण्याचा आमचा बेत नाहीं. ज्या पालकांस हें पटत नसेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर प्रार्थनामंदिराकडे यावें. तेथें नाताळचीं गीतें बसविणें चालूं असतें. बांकें भरपूर आहेत, आणि ‘अजून तयार न झालेले’ आमच्याकडे विसांहून अधिक आहेत.