देहप्रतिमेचे शिक्षण : एक खुलासा

संपादक महाशय यांस,


किशोरींशी वर्गात देहप्रतिमेविषयी बोलणे म्हणजे निकोप मनात न्यूनगंड पेरणे होय, हा गतांकातील लेखाचा निष्कर्ष इंग्लंडमधील १९९७ च्या एका अगदी लहान प्रयोगावर उभा आहे. आहारविकारांची थेट माहिती मिळाल्यावर त्या प्रयोगातील मुली काही महिन्यांनी अधिकच हात आखडून जेवू लागल्या, एवढे मान्य. परंतु तो दोष पद्धतीचा, विषयाचा नव्हे. ऑस्ट्रेलियात ४७० मुलामुलींवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनाचा उपदेश कटाक्षाने टाळून, नऊ आठवडे गटकार्य व खेळ यांद्वारे केवळ आत्मसन्मान जोपासला गेला, आणि त्याचा सुपरिणाम वर्षभरानंतरही आढळला, याचा उल्लेखही लेखकांनी करू नये, हे अनुचित होय.

स्वतःच्या देहाविषयीचे असमाधान उपजतच असते, हे लेखकांचे विधान तर सर्वस्वी निराधार आहे. फिजीच्या एका प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी पोहोचली, तेव्हा वजन घटवण्यासाठी ओकारी काढणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत आढळली नव्हती. १९९८ साली तेच प्रमाण ११.३ टक्के झाले. आपल्याकडे तर गोरेपणाचे मलम १९७५ पासून बाजारात आहे. बाजार जे अहोरात्र शिकवतो, त्याचे उत्तर देण्यास शाळेने आठवड्याचा एक तासही देऊ नये काय?

लेखकमहाशयांनी दोन्ही प्रयोग वाचकांपुढे ठेवावेत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज