दीपकाडी आणि पोटखराबा

मिरगाचे चार पाऊस नीट पडले की रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारांवर, दीपकाडी फुलते. जांभ्याच्या खळग्यात जमलेल्या मुठीएवढ्या मातीत तिचा कांदा, त्यातून वर आलेला सरळ दांडा आणि त्याला मोजकीच पांढरी, सुवासिक फुलं. हा सोहळा थोड्या दिवसांचा. पुढे पानं सुकतात आणि कांदा पुढच्या मिरगाची वाट बघत कातळात पडून राहतो. कोकणातल्या नि लगतच्या गोव्यातल्या जांभ्याशी बांधलेली ही प्रदेशनिष्ठ, दुर्मीळ वनस्पती.

नाव ऐकून वाटतं, कुणा आजीनेच ठेवलं असेल. दिव्याची काडी! पण मेडिकस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1790 मध्ये ‘डिपकाडी’ हे प्रजातीचं नाव रूढ केलं, ते एका तुर्की फुलाच्या नावावरून. आपण त्यात दीप पाहिला, आणि तो शोभलाही. 1850 मध्ये डॅलझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोकणातल्या या फुलाचं वर्णन केलं तेव्हा त्याला दिलेलं प्रजातीचं नाव होतं ‘युरोपेटालम’, म्हणजे शेपटीच्या पाकळीचं. पुढे बेकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते ‘डिपकाडी’त आणलं. ‘कॉन्कॅनेन्स’ हे जातीचं नाव मात्र टिकलं. कोकण त्यातून कुणी काढलं नाही. कुळंही बदलली. आधी लिलीचं, मग हायसिंथचं, आता शतावरीचं. शास्त्रात असं चालायचंच, आणि त्याने कांद्याला इजा होत नाही.

इजा होते ती दुसऱ्या वर्गीकरणाने. सातबाऱ्यावर कातळाची नोंद असते ‘पोटखराबा’, लागवडीस अयोग्य. 2018 मध्ये नियम बदलले आणि अशी जमीन लागवडीखाली आणली तर तशी नोंद करून घेण्याची वाट मोकळी झाली. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? ‘कातळार काय पिकता?’ हा प्रश्न त्याच्या आज्यालाही पडला होता. आज त्याची उत्तरं तयार आहेत: चिरेखाण काढा, नाहीतर सुरुंग लावून खड्डे करा, माती भरा, कलमं लावा. बरेचसे सडे खासगी मालकीचे, त्यामुळे वनखात्याचा हात तिथे पोचत नाही.

सड्याला किंमत नाही असंही नाही. कास पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आता तिथली फुलं तिकीट काढून बघतात. 2022 मध्ये कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, त्यात मालवण तालुक्यातलं कुडोपी आहे. माणसाने कोरलेल्या रेघांना दगडासकट मान मिळाला. त्याच जातीच्या दगडावर उगवणाऱ्या फुलाला तो मिळायचाय. 2019 मध्ये सिंधुदुर्गातूनच गेंद या रानफुलाच्या प्रजातीतली एक नवी जात शास्त्राला कळली. म्हणजे या जिल्ह्यात काय काय उगवतं याची मोजदादच अजून पुरी नाही, आणि पोकलेन मात्र सड्यावर पोचला आहे.

फार मोठं मागणं नाही. खाणीला परवाना द्यायच्या आधी सड्याची पाहणी होते, ती मिरगानंतर करा. मे महिन्यात कातळ तव्यासारखा तापलेला, दीपकाडी जमिनीखाली. त्या दिवसांत केलेल्या पंचनाम्यात ‘झाडझाडोरा: निरंक’ याखेरीज दुसरं काय लिहिलं जाणार?