ग्राफिक्स कार्डांचा सवतासुभा, भुर्दंड संकलकांना

व्हिडिओ संकलनाचे सॉफ्टवेअर घेताना ‘ते आपल्या संगणकावर चालेल का’ एवढाच प्रश्न विचारून आता भागत नाही. ते कोणत्या ग्राफिक्स कार्डावर आणि कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर पूर्ण वेगाने चालेल, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र संकलकाच्या हाती नसून कंपन्यांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असते. ॲपल आणि एनव्हिडिया यांच्यातील दुराव्याने हेच दाखवून दिले.

‘फोर-के’ दर्जाच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर रंगछटेतील साध्या बदलासाठीही दर सेकंदाला २० कोटींहून अधिक पिक्सेलवर प्रक्रिया करावी लागते. मुख्य प्रोसेसरला हे ओझे पेलत नाही. ग्राफिक्स कार्डातील शेकडो-हजारो छोटे गणक मात्र एकाच वेळी राबून ते उचलतात. हे बळ सॉफ्टवेअरला वापरता यावे, यासाठी एनव्हिडियाने २००७ मध्ये ‘कुडा’ ही व्यवस्था आणली. अडोबीच्या प्रीमियर प्रोने २०१० च्या ‘सीएस ५’ आवृत्तीत तिचा आधार घेतला. मान्यताप्राप्त कार्डांची यादी तेव्हा इतकी तुटपुंजी होती, की अनेक संकलक सॉफ्टवेअरमधील यादीच्या फाइलमध्ये आपल्या कार्डाचे नाव स्वतःच लिहून वेळ निभावून नेत.

‘कुडा’ केवळ एनव्हिडियाच्या कार्डांवर चालते, हीच खरी मेख. ॲपलच्या पुढाकाराने आकाराला आलेले ‘ओपन सीएल’ हे खुले मानक २००९ मध्ये मॅकवर आले, तेव्हा ही कोंडी फुटेल अशी आशा होती. परंतु पुढे ॲपलने स्वतःचे ‘मेटल’ पुढे केले आणि २०१८ मध्ये ‘मोहावी’ प्रणालीबरोबर आपल्याच ओपन सीएलला निवृत्तीची सूचना दिली. त्याच मोहावीसाठी एनव्हिडियाच्या अलीकडच्या पिढ्यांतील कार्डांचे ड्रायव्हर आलेच नाहीत. २०१९ मधील ‘कुडा १०.२’ ही मॅकसाठीची अखेरची आवृत्ती ठरली.

जुन्या मॅक प्रोमध्ये अशी महागडी कार्डे बसविलेल्या संकलकांपुढे तीनच वाटा उरल्या : जुन्या प्रणालीवरच थांबणे, कार्ड बदलणे किंवा विंडोजकडे वळणे. कार्ड नादुरुस्त झाले नव्हते. त्याचा आधार काढून घेतला गेला होता.

या एकछत्री कारभाराला दुसरी बाजूही आहे. २०२१ मधील ‘एम १ प्रो’ आणि ‘एम १ मॅक्स’ या चिपांमध्ये ॲपलने ‘प्रोरेस’ व्हिडिओसाठी स्वतंत्र यंत्रणाच बसविली. चिप, प्रणाली आणि सॉफ्टवेअर एकाच घरचे असले, की वेग साधतो. किंमत मोजावी लागते ती निवडीच्या स्वातंत्र्याची.

म्हणूनच आधी यंत्र आणि मग सॉफ्टवेअर, हा खरेदीचा रूढ क्रम उलटा करायला हवा. काम कोणत्या सॉफ्टवेअरवर करायचे, ते आधी ठरवावे. त्याच्या निर्मात्याने जाहीर केलेली कार्डांची व प्रणालींची यादी तपासावी आणि मगच पैसे मोजावेत. चालू प्रकल्प हातावेगळा होण्यापूर्वी प्रणाली अद्ययावत करण्याची घाईही टाळलेली बरी.