मातीचा किल्ला

दिवाळीची सुट्टी लागली होती. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मुलांनी किल्ला केला होता. मी काही कामासाठी घाईने बाहेर निघालो होतो. इतक्यात सहा-सात वर्षांचा एक मुलगा दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तिथे पाय ठेवू नका. तिथे दरी आहे!" मी खाली पाहिले. खाली साधी फरशी होती आणि तिच्यावर खडूने ओढलेली एक वाकडीतिकडी रेघ होती. मी काय केले, ते मागाहून सांगतो. त्याआधी दुसऱ्या एका किल्ल्याची हकीकत सांगितली पाहिजे.

आमच्या लहानपणी सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की दप्तर टाकून आम्ही दगड-विटा गोळा करायला धावत असू. अंगणाच्या कोपऱ्यात दगडांची रास रचायची, तिच्यावर जुने गोणपाट टाकायचे, गोणपाटावर चिखल थापायचा आणि ओल्या मातीत अळीव पेरायचे. तीन-चार दिवसांत कोवळे कोंब वर येत आणि डोंगरावर हिरवे रान माजे. पायथ्याशी पितळी परात पुरून तिच्यात पाणी ओतले, की तळे तयार होई. मग माळ्यावरची लाकडी पेटी खाली येई. गवतात गुंडाळून ठेवलेली मातीची चित्रे एकेक करून बाहेर निघत : सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, भालदार, तुतारीवाला, ढाल-तलवार घेतलेले मावळे, डोक्यावर घडा घेतलेली गवळण. गुहेतला वाघ मावळ्यापेक्षा मोठा होता आणि गवळण महादरवाज्यात मावत नव्हती. पण त्याचे आम्हांला कधी काही वाटले नाही.

मोठ्या माणसांचा असा समज असतो, की लहान मुले अजाण असतात, म्हणून त्यांना परातीत तळे दिसते. मला हे मान्य नाही. ते पाणी परातीतले आहे, हे आम्हांला पक्के ठाऊक होते. आई रोज ती परात परत मागत असताना ते विसरणार तरी कसे? भातुकली मांडणारी मुले एकमेकांना चुरमुऱ्यांचा भात वाढतात, पण खरी भूक लागली म्हणजे आईकडेच जातात. खेळणारे मूल फसलेले नसते. त्याने शब्द दिलेला असतो. 'तू याला तळे म्हण, मीही तळे म्हणतो,' असा तो करार असतो. तो कागदावर लिहिलेला नसतो आणि मोडणाऱ्याला शिक्षाही नसते. ज्याने त्याने तो आपणहून पाळायचा असतो. म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो.

हा करार मी एकदा मोडला. त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो. वरच्या वर्गातली दोन मुले आमच्या अंगणात येऊन उभी होती. इतक्यात माझा धाकटा भाऊ धावत आला आणि काळजीने म्हणाला, "दादा, तळ्यातले पाणी आटत चालले आहे. आता गडावरची माणसे काय पितील?" त्या मोठ्या मुलांपुढे मला लाज वाटली. मी म्हणालो, "अरे वेड्या, परात आहे ती! आणि ती माणसे मातीची आहेत!" मोठी मुले हसली. भाऊ हसला नाही. त्याने परातीकडे पाहिले, किल्ल्याकडे पाहिले आणि तो मुकाट्याने घरात निघून गेला. त्या दिवाळीत तो पुन्हा किल्ल्यापाशी आला नाही. पुढच्या वर्षी पेटी माळ्यावरून खाली उतरलीच नाही. मी खोटे असे काहीच बोललो नव्हतो. तरीही मी त्याचे काहीतरी हिरावून घेतले होते, आणि ते परत कसे द्यावे, हे मला कळत नव्हते.

वय वाढले म्हणजे प्रत्येकाला बालपण आठवते. "आमच्या वेळचे किल्ले काय असत!" असे म्हणून मोठी माणसे उसासे टाकतात. ते उसासे खरे असतात. परंतु त्यांवरचा त्यांचा उपाय बहुधा चुकतो. कोणी बाजारातून प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला आणून मुलांपुढे ठेवतो. कोणी स्पर्धेतल्या बक्षिसासाठी स्वतःच बुरूज बांधतो आणि मुलाला बजावतो, "तू हात लावू नकोस, बिघडेल!" किल्ला सुबक होतो, पण त्यात राहायला कोणी येत नाही. आपल्या परातीला ज्यांनी तळे म्हटले त्या सोबत्यांसाठी आपला जीव हळहळतो आहे, हे या मोठ्या माणसांच्या ध्यानातच येत नाही.

मग मोठ्यांनी करावे तरी काय? याचे एक चांगले उदाहरण इंग्लंडात घडले. १८२६ साली जून महिन्यात हॉवर्थ गावच्या पॅट्रिक ब्राँटे या धर्मोपदेशकाने आपल्या मुलासाठी लीड्स शहरातून १२ लाकडी शिपाई आणले. मुलाने ते बहिणींना दाखवले. प्रत्येकाने एकेक शिपाई उचलून त्याला नाव दिले. दहा वर्षांच्या शार्लटने आपल्या शिपायाचे नाव वेलिंग्टन ठेवले, तर तिचा भाऊ ब्रॅनवेल याने आपल्या शिपायाला बोनापार्ट केले. या भावंडांनी त्या शिपायांची राज्ये वसवली आणि त्यांच्या मापाची इवलीइवली पुस्तके अतिशय बारीक अक्षरांत लिहिली. त्यांतली काही आजही जपून ठेवलेली आहेत. पुढे १८४७ साली शार्लटची 'जेन एअर' आणि तिची बहीण एमिली हिची 'वुदरिंग हाइट्स' या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. खेळणारे प्रत्येक मूल लेखक होईल असे नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. पण एवढे ध्यानात घ्या : वडिलांनी शिपाई आणून दिले, राज्य मात्र मुलांनी उभारले.

२०२५ सालच्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांसारखे त्यांतले ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत, आणि जिंजीचा किल्ला तमिळनाडूत आहे. ते दगडी आहेत. त्यांची डागडुजी करता येते. जिन्याखालचा मातीचा किल्ला मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत ढासळून जातो. तो कोणत्याही यादीत घालून टिकवता येत नाही. पुढच्या वर्षी मुलांनी नव्याने बांधला, तरच तो टिकतो.

मुलांनो, तुम्ही आता माझ्या त्या वेळच्या वयाचे आहात. कधीतरी एके दिवशी ती चित्रे तुम्हांला नुसती माती वाटू लागतील. त्यात तुमचा काही दोष नाही. पण कोणी हसते म्हणून तो दिवस ओढून आणू नका. आणि तो आला, तरी जो धाकटा अजून खेळतो आहे, त्याचे तळे आटवू नका. पेटी त्याच्या हाती द्या, जड दगड उचलून द्या आणि त्याने तुम्हांला पहारेकरी केले, तर निमूटपणे पहारा करा. दुसऱ्याच्या तळ्याला तळे म्हणण्याची ज्याला सवय आहे, त्याला पुढे दुसऱ्याचे दुःखही लवकर समजते.

आता त्या दरीविषयी सांगायचे राहिले. खडूची रेघ ओलांडायला एक पाऊल पुरे होते. मी त्या मुलाला विचारले, "फार खोल आहे का रे?" तो गंभीरपणे म्हणाला, "खूप खोल. पण इकडून वाट आहे." त्याने दाखवलेल्या वाटेने, भिंतीला पाठ घासत, मी पलीकडे गेलो.

त्या रात्री मी धाकट्या भावाला फोन केला. त्याची मुले आता किल्ला करण्याच्या वयाची आहेत, आणि ती पेटी अजून गावी माळ्यावर आहे. मी त्याला म्हणालो, "पुढच्या दिवाळीत पेटी खाली काढू. तळ्यात पाणी भरण्याचे काम माझे."