काळ्या नदीचा लाल मासा

पेढीवर किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात काचेच्या पेटीत निळ्या-तांबड्या पट्ट्याचे इवले मासे आपण पाहिले असतील. त्यांतील कार्डिनल टेट्रा जेमतेम ३ सेंटीमीटरचा. त्याचा सख्खा भाऊबंद निऑन टेट्रा. पण निऑनचा तांबडा पट्टा अर्ध्या अंगावर, तर कार्डिनलचा पूर्ण अंगभर. निळी झळाळी मात्र रंगाची नव्हेच. त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाची ती किमया. रात्री ती मावळते.

१९५६ साली शास्त्रीय नाव मिळालेल्या या माशाचे मोठे माहेर म्हणजे ब्राझीलमधील रिओ नेग्रो, अर्थात 'काळी नदी'. कुजलेल्या पानांचा अर्क उतरून तिचे पाणी कोऱ्या चहासारखे झालेले असते. पुरात नदी अरण्यात शिरते आणि मासे झाडांच्या बुंध्यांमधून विहरतात. पाणी ओसरले की मागे राहिलेल्या डबक्यांत ते असंख्य संख्येने मरतात. नदीत बहुतेकांचे आयुष्य वर्षभराचेच. पेटीत मात्र ते कित्येक वर्षे जगतात.

या नदीकाठच्या बार्सेलोस गावाचा चरितार्थ अनेक दशके याच माशावर चालला. 'पियाबेरो' म्हणवणारे लोक होडीतून जाऊन हातजाळ्याने ते जिवंत पकडतात; मध्यस्थांमार्फत ते मनाउसला आणि तेथून परदेशी जातात. मासा अरण्यावाचून जगत नाही, म्हणून अरण्य राखणे हाच तेथील धंद्याचा हिशेब. 'प्रोजेक्ट पियाबा' या उपक्रमाचे घोषवाक्यच आहे: मासा घ्या, झाड वाचवा.

पुढे दूरदेशी हौदांत याच माशाची पैदास होऊ लागली. नदीतला जीव नदीत राहिला, हे ऐकून आपल्याला बरेच वाटेल. बार्सेलोसची मागणी मात्र घटली आणि अनेकांना जाळे ठेवून दुसरा उद्योग शोधावा लागला. जिवाला पेटीत कोंडणे मला पटत नाही, पेढीची शोभा म्हणून तर मुळीच नाही. तरीही या जमाखर्चात अरण्य कोणत्या बाजूला मांडावे, हे मला अद्याप उमगलेले नाही.

बार्सेलोसचा उत्सव मात्र आजही या माशांचाच. त्यात गावाचे दोन तट पडतात, एक कार्डिनलचा, दुसरा डिस्कस माशाचा, आणि नृत्यगायनात त्यांची चुरस रंगते.